शेठच्या केबिनमधली किल्ली

निरगुडसर
३ मार्च २०२४

प्रिय वैजू,

तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं, नागपूरला रेंजचं काही असेल. मग रविंद्र म्हणाला, "अगं, तिनं ब्लॉक केलंय तुला. माझ्या फोनवरून लाव." मी लावला नाही. तू दार लावून घेतलं आहेस, तर नवऱ्याच्या फोनवरून खिडकीत हात घालणं मला बरं वाटेना. पत्राचं वेगळं असतं. ते न उघडता कपाटात ठेवता येतं. तू ठेवलंस तरी माझी तक्रार नाही.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "आमच्या घरानं तुला नोकरी दिली, आणि तू आमच्याच दारात इन्स्पेक्टर उभा करतेस?" यातला पहिला भाग खरा आहे. म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

विनाअनुदानित तुकडी बंद झाली आणि प्रयोगशाळेतलं माझं काम गेलं, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या बी.एस्सी. बाईला कोण विचारणार होतं? आमच्या साक्षीची बारावी तोंडावर होती. मी तुला काही मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. तू त्याच संध्याकाळी भावाला, सुदर्शनला, फोन केलास आणि आठवड्याभरात मी वारूळवाडीच्या तुमच्या पॅकहाऊसमध्ये माल तपासणीची सुपरवायझर झाले. ते मी विसरलेली नाही. तक्रारीचा अर्ज लिहितानाही ते मनात होतं. खरं तर तेच मध्ये येत होतं, म्हणून अर्ज इतका उशिरा गेला.

आणि त्याच्याही आधीचं एक. कॉलेजात मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. मी आत असले की तू बाहेर दाराला पाठ लावून उभी राहायचीस आणि आत कोणीतरी आहे हे कळावं म्हणून वनस्पतींची कुळं मोठ्यानं पाठ म्हणायचीस. माल्व्हेसी, सोलॅनेसी, कुकर्बिटेसी. पोरांना वाटायचं, काय अभ्यासू पोरगी आहे. द्राक्षाचं कुळ मात्र तुला हटकून आठवायचं नाही. बागायतदाराची मुलगी तू, आणि तिथंच अडायचीस. मग मी आतून ओरडायचे, "व्हायटेसी!" बाहेर हशा पिकायचा. तीन वर्षं आपण असं काढलं. एकदाही तू दार सोडून गेली नाहीस.

तेव्हा मी काय म्हणून तक्रार केली, हे तुला तरी कळेल असं मला वाटलं होतं.

जानेवारीच्या शेवटी द्राक्षांचा माल जोरात सुरू झाला. सुदर्शनला वाटलं, बायका संडासात जाऊन मोबाईलवर बोलत बसतात. एखादी बसतही असेल, मी नाही म्हणत नाही. त्यानं बायकांच्या संडासाला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या केबिनमध्ये, टेबलावरच्या पेनांच्या डब्यात ठेवली. ज्या बाईला जायचं तिनं केबिनमध्ये यायचं आणि किल्ली मागायची. केबिनमध्ये कायम चार पुरुष. ड्रायव्हर, एजंट, कोणी बागवाले. आणि सुदर्शन त्यांच्यासमोर म्हणणार, "परत? सकाळीच तर गेलतीस. टाकी फुटली का काय?" मग ते चौघं हसणार.

मी त्याला एकदा सांगितलं, एकटा असताना. तो म्हणाला, "रत्नाताई, तुम्ही माल बघा. माणसं मी बघतो." दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "मग किल्ली तुमच्या गळ्यात बांधू का?"

बायकांनी त्याच्यावर त्यांच्या परीनं तोड काढली. पाणी प्यायचं सोडलं. सकाळी पिकअपमध्ये बसल्यापासून संध्याकाळी परत उतरेपर्यंत घोटभर पाणी नाही. उन्हं चढत होती आणि टेबलाशी उभं राहून घडातले खराब मणी कात्रीनं काढायचे. साळुबाई, माझ्या शेजारी उभी असते ती, आधी कंबर धरून काम करायची. मग एक दिवस क्रेटवरच कलंडली. अंगात ताप फणफणत होता. मंचरला दवाखान्यात नेलं. मूत्रपिंडापर्यंत जंतू गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी किती पिता?" साळुबाई ग्लानीत होती, तरी हसली. म्हणाली, "रातच्याला पिते की."

तिच्या त्या हसण्यानंतर मी अर्ज लिहिला. कायद्यात साधी गोष्ट आहे, वैजू. कामावर असलेल्या माणसाला संडासात केव्हाही जाता आलं पाहिजे. केव्हाही. परवानगीचा शब्द कुठंही नाही. मी माझं नाव घालून कारखाना निरीक्षकांकडं अर्ज दिला. निनावी द्यावा असं रविंद्र म्हणत होता. पण मग संशय सगळ्या बायकांवर गेला असता.

तरी एक प्रश्न मी रोज डायरीत लिहिते आणि उत्तर न लिहिता पान बंद करते. मी हे साळुबाईसाठी केलं, की माझ्या स्वतःच्या कशासाठी?

तुझी,
रत्ना


निरगुडसर
१९ मार्च २०२४

प्रिय वैजू,

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. तेवढ्यावर हे दुसरं लिहिते.

तपासणीला साहेब येऊन गेले. ते येणार हे सुदर्शनला आधी कसं कळलं, मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहिणार नाही. त्या सकाळी आम्ही पिकअपमधून उतरलो तर कुलूप गायब होतं. फिनेलचा वास फाटकापर्यंत. नवी कोरी निळी बादली आणि तिच्यात मग. आमच्यातली प्रयागबाई बादलीकडं बघून म्हणाली, "आगं बया, बारसं हाय का काय कुनाचं?"

साहेब चांगले होते. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी टेबलापाशी येऊन विचारलं, "बायांनो, इथं काही गैरसोय? मोकळेपणानं सांगा." सुदर्शन लांब उभा होता, फोनवर बोलत असल्यासारखा.

आणि वैजू, सगळ्या जणी हसल्या. प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "समदं झ्याक हाय साहेब. आदी च्या घ्या. उनाचं आलाव." बनाबाईनं खुर्ची पुसून दिली. कोणीतरी धुतलेल्या द्राक्षांची ताटली आणली. साहेबांनी मला विचारलं, "अर्ज तुमचाच ना?" मी हो म्हणाले आणि सांगायला लागले. पण बाजूला साहेबांच्या हातात चहा, पुढं द्राक्षं, आणि बाकीच्या बायका माझ्याकडं अशा बघत होत्या, जशी मी लग्नाच्या पंगतीत भांडण उकरून काढते आहे. माझंच बोलणं मला खोटं वाटायला लागलं. साहेबांनी लिहून घेतलं, पण उघडा संडास आणि नवी बादली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

ते गेल्यावर मी प्रयागबाईला म्हणाले, "मावशी, असं का केलंत? शेठला घाबरलात?"

"भ्याले न्हाई मी." ती खरंच चिडली. "त्यो एवढ्या लांबून आलेला पावना. पावण्याम्होरं घरातलं काढायचं व्हय? च्या तरी पिऊ दे की त्याला सुखानं."

"मावशी, तो पाहुणा नव्हता. तो आपलंच ऐकायला आला होता."

"आता तसं आदी सांगायचं ना बाई! मला वाटलं बघायला आलाय."

मला आधी फार राग आला. नंतर विचार केला तेव्हा जाणवलं, मी तरी कुठं सांगितलं होतं? अर्ज माझ्या टेबलावर माझ्या अक्षरात लिहिला, कायदा मी वाचला, आणि ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना मी फक्त "साहेब येणार आहेत" एवढंच म्हणाले. आपल्याकडं साहेब आला की नारळ आणि शाल. त्या बायकांनी त्यांना येतं ते केलं.

दुपारी कुलूप परत लागलं. संध्याकाळी सुदर्शननं मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, "उद्यापासून यायची गरज नाय." मी म्हणाले, तसं लिहून द्या. तो म्हणाला, "ताईची मैत्रीण म्हणून नीट बोलतोय. लिहून बिहून काय मिळणार नाय." हाच सुदर्शन हाफ पँटीत हॉस्टेलवर तुझा डबा घेऊन यायचा आणि मला विचारायचा, "रत्नाताई, तुम्हाला चटणी काढून ठेवू का?" त्या मुलाला मी केबिनमध्ये शोधत होते.

हे सगळं वाईट झालं, पण पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलं नाही. चांगलं ते दुसऱ्या दिवशी झालं.

पिकअप रोज फाट्यावर थांबते, कुंडलिकची. मी जाणार नव्हते, तरी सकाळी त्याच वेळेला हॉर्न वाजला. वाटलं, त्याला कोणी सांगितलं नसेल. मी फाट्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "कुंडलिक, मी आता कामावर नाही." तर मागून प्रयागबाई ओरडली, "म्हाईत हाय! आमीच थांबवली गाडी. तोंड बघाया." साऱ्या जणी फळीवर बसून माझ्याकडं बघत होत्या. मग बनाबाई म्हणाली, "बघून झालं. चल रं कुंडलिक." आणि गाडी गेली.

तेव्हापासून रोज थांबते, वैजू. शेठला कळलं तर कुंडलिकचं भाडं जाईल, पण तो थांबतो. मी रोज जाते. दोन मिनिटं आम्ही एकमेकींचं तोंड बघतो. मला आयुष्यात कोणी असं काही दिलेलं नाही, आणि मी हे कशानं फेडणार ते मला कळत नाही.

तुझी,
रत्ना


निरगुडसर
११ एप्रिल २०२४

प्रिय वैजू,

हे पत्र फक्त कळवण्यासाठी आहे. बोलावणं नाही.

मी पुन्हा अर्ज केला. त्यात तीन गोष्टी मागितल्या. बायकांचं म्हणणं कामाच्या जागेबाहेर ऐकावं, बाई अधिकाऱ्यानं ऐकावं, आणि मला कामावरून का काढलं तेही विचारावं. ते मान्य झालं. येत्या २४ तारखेला, बुधवारी सकाळी, पुण्याच्या कार्यालयात आम्हाला बोलावलं आहे. सुदर्शनला वेगळ्या दिवशी बोलावतील. त्याच्या पाठीमागं, त्याच्या बहिणीला अंधारात ठेवून मी काही केलं, असं तुला नंतर वाटायला नको. म्हणून तारीख लिहिली.

या वेळी मी बायकांशी आधी बोलले. आमचं घर लहान, म्हणून आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसलो. प्रयागबाई निरगुडसरला शंभरदा आली असेल, पण आमच्या वस्तीत पहिल्यांदाच आली. आत बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून म्हणाली, "ह्येंच्यासारका कोट घालून मानूस बोलला तर कुनी बी ऐकंल. आमचं कोन ऐकतंय?" मग माझ्या सासूबाईंनी केलेला चहा दोनदा घेतला.

मी त्यांना कायद्यातलं ते वाक्य वाचून दाखवलं. केव्हाही. त्यांना ते पटेना. बनाबाई म्हणाली, "म्हंजी इचारायचंच न्हाई?" म्हटलं, नाही. "आन त्यो नको म्हणला तर?" म्हटलं, त्याला नको म्हणताच येत नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "घरी बी असं नसतंय गं." सगळ्या हसल्या.

पण पुण्याला जाऊन बोलायचं म्हटल्यावर मागं सरल्या. शेठची भीती थोडी होतीच. लाज मात्र जास्त होती. "परक्या बाईम्होरं मुतायचं काय सांगायचं?" प्रयागबाई म्हणाली. साळुबाई पेठला माहेरी आहे, अजून औषधं चालू आहेत. तिला फोन केला तर तीही म्हणाली, "येते मी, पर बोलनार न्हाई."

म्हणजे २४ तारखेला काय होईल, मला माहीत नाही. बायका गप्प राहिल्या तर प्रकरण तिथंच मिटेल. कुलूप राहील. माझं काम गेलं ते गेलंच, पण त्यांना तर परत त्याच टेबलाशी उभं राहायचं आहे, आणि मग सुदर्शन कसा वागेल याचा मी विचार करते तेव्हा मला झोप लागत नाही. त्यांना यात मी ओढलं आहे.

फेब्रुवारीत तू लेकीला, श्रेयाला घेऊन माहेरी आली होतीस आणि पॅकहाऊसवर आलीस, त्या दिवसाबद्दल मी अर्जात काही लिहिलेलं नाही. तिथंही काही बोलणार नाही. तेवढी खात्री बाळग.

रत्ना


निरगुडसर
२६ एप्रिल २०२४

प्रिय वैजू,

तू आलीस.

आता मनात येईल तसं लिहिते.

तू दाराशी कधीपासून उभी होतीस, मला माहीत नाही. सुरुवातीचं तू ऐकलं नसशील, म्हणून ते सांगते. आम्ही नारायणगावहून एसटीनं गेलो. बायकांचं अर्धं तिकीट, त्यामुळं सगळ्या खुशीत होत्या. साळुबाई पेठला चढली, हातात औषधांची पिशवी. त्या खोलीत भिंतीला लावून बाकं होती आणि आम्ही बसलो त्या आपोआप टेबलाशी उभ्या राहतो त्याच क्रमानं. सवयच झाली आहे. टोकाला मी, मग साळुबाई, मग बाकीच्या, शेवटी बनाबाई आणि प्रयागबाई.

मॅडम तरुण होत्या. त्यांनी प्रयागबाईला विचारलं, "तुम्हाला काय त्रास झाला, मावशी?"

"मला? मला काय न्हाई."

मी मनात म्हटलं, झालं. पाहुणचार सुरू.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तेव्हा प्रयागबाई म्हणाली, "मी म्हातारी, मला काय लागतंय. पर ही हाय ना माज्या शेजारची, हिला इचारा. न्हाईतर नको, ही न्हाई सांगायची. मीच सांगते. हिला अडचन आली व्हती, दोनदा किल्ली मागाया गेली, तर शेठ चार मानसात म्हणला, आज काय आत हळदीकुंकू हाय का?"

बनाबाई उसळली. "आगं ए! माझं कशाला काढतीस?"

"मग तू माझं काढ."

"काढते की! मॅडम, ही लई शानी. हिनं दुपारचं जेवानच सोडलं व्हतं, खाल्लं तर पानी प्यावं लागंल म्हणून. बांधून आनलेली भाकर तशीच माघारी न्यायची आन कोंबड्यांना टाकायची. सूनबाई इचारती, आत्या, डब्याला चव न्हाई का? तर म्हंती, लई झ्याक व्हता."

सगळ्या हसल्या, मॅडमसुद्धा. आणि हसता हसता प्रयागबाईनं डोळ्याला पदर लावला. मग जणू बांध फुटला. एकीनं पलीकडचीचं सांगायचं, पलीकडचीनं तिच्या पलीकडचीचं. कोण लंगोटासारखं फडकं लावून यायची. कोण ऊसात गेली तर मागून ड्रायव्हरनं शिट्टी मारली. स्वतःचं कोणीच सांगितलं नाही. सांगायची लाजच उरली नाही, कारण ते स्वतःचं नव्हतंच.

मी ऐकत होते आणि मला आमच्या रानातली सावड आठवली. आज आपण सगळ्या तुझ्या वावरात, उद्या माझ्या. आपल्या बांधावर आपण एकटं वाकायचं नाही. मी इतके दिवस जिला तिला आपापलं वावर खुरपायला सांगत होते.

साळुबाईचं मी सांगितलं. तिचं हसणंही सांगितलं.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि तुमचं?"

मी म्हणाले, "माझं काही नाही."

अगदी प्रयागबाईच्याच आवाजात म्हणाले. मला ते ऐकूही आलं. मॅडमनी बाकाकडं पाहिलं. प्रयागबाई म्हणाली, "ही टोकाला असती, बाई. हिच्या पल्याड कोन न्हाई. आन ही तोंडानं कधी काय बोलली न्हाई."

तेव्हा तुझा आवाज आला. "मी सांगते. मी सुदर्शनची बहीण."

तू जे सांगितलंस ते मी डायरीतसुद्धा लिहिलं नव्हतं. तू केबिनमध्ये चहा पीत बसली होतीस, श्रेया शेजारी. मी किल्ली मागायला आले आणि तुला बघून इतकी आनंदले की किल्ली क्षणभर विसरले. मग सुदर्शन म्हणाला, "ताई, ही तुझी मैत्रीण बघ. बी.एस्सी. झाली, पण लघवीला अजून आमची परवानगी लागती." तू मॅडमना म्हणालीस, "आणि मी हसले. भाऊ विनोद करतो म्हणून हसले. ही डब्यातली किल्ली हातात घेऊन उभी होती. तिनं ती परत ठेवली आणि 'नको, राहू दे' म्हणून गेली. संध्याकाळपर्यंत ती गेली नाही, हे मला माहीत आहे, कारण मी तिथंच होते."

खरं सांगू? तू बोलत होतीस तेव्हा मला आधी तुझा राग आला. ते झाकलेलं होतं, मॅडमच्या पेनाखाली यायला नको होतं. मला वाटलं, त्या सगळ्या बायकांसमोर मी उघडी पडले. मग साळुबाईनं माझा हात धरला. तिचा हात अजून गरम असतो. आणि मला कळलं की त्या सगळ्या माझ्याकडं तशाच बघत आहेत जशा फाट्यावर बघतात.

माझ्या रोजच्या प्रश्नाचं उत्तर तू सगळ्यांसमोर दिलंस. हो, मी अर्ज माझ्यासाठीही केला होता. साळुबाईसाठी आणि माझ्यासाठी. आता वाटतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

तू नागपूरहून रात्रभर बसून आलीस, भावाच्या विरोधात. मी बोलावलं नव्हतं. उपकार हा शब्द मला आवडत नाही, आणि आपल्यात तो फार वापरला गेला. पण दुसरा सापडेपर्यंत तोच घे.

तुझी,
रत्ना


निरगुडसर
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय वैजू,

राखीला तू वारूळवाडीला आली नाहीस हे कळलं. आली नाहीस की येऊ दिलं नाही, ते मी विचारत नाही. तुझ्या आईंनी मला बाजारात गाठून एवढंच विचारलं, "वैजीचा फोन येतो का तुला?" मी म्हणाले, ती मला पत्र लिहीत नाही, पण माझी वाचते. त्या म्हणाल्या, "मग लिही, आई बरी हाय म्हणून." लिहिलं.

तुझं माहेर गेलं, आणि माझं काम परत आलं. ही बेरीज मला नीट जमत नाही. मी ती सारखी मांडून बघते.

आदेश आला. कुलूप निघालं. मला कामावर परत घ्यायलाही सुदर्शन तयार झाला. पुढची तारीख टाळायची होती म्हणून झाला असेल, मनानं नव्हे. सध्या डाळिंबाचं काम चालू आहे. तो माझ्याशी बोलत नाही. निरोप असला की वॉचमन गेणभाऊला पाठवतो. गेणभाऊ येऊन सांगतो, "शेठ म्हणत्यात, ताईला सांग, त्यो लॉट बघून घ्या." शेठ दहा पावलांवर उभे असतात. पण काल त्यानं संडासातला गेलेला बल्ब कोणी न सांगता बदलला. स्वतः स्टूलवर चढून. मी ते पाहिलं, आणि मी ते तुला सांगितलं नसतं तर पाप लागलं असतं.

साळुबाई परत टेबलाशी आहे. तिच्या पायाशी पाण्याची बाटली असते. प्रयागबाई आता मुद्दाम केबिनसमोरून जाते आणि मोठ्यानं सांगून जाते, "चालले बरं का!" सुदर्शन मान वर करत नाही.

पुण्याचं एक लिहायचं राहिलं होतं. मागच्या पत्रात मुद्दाम गाळलं, कारण ते लिहिलं की संपेल असं वाटत होतं.

बाहेर आल्यावर आपण एकमेकींशी बोललो नाही. बायका तुझ्याभोवती होत्या, तू घड्याळ बघत होतीस. मी शेजारच्या हॉटेलात संडासात गेले. सकाळपासून गेले नव्हते, सवय. आत गेल्यावर बघते तर दाराला कडी नाही. नुसतं भोक. मी एका हातानं दार धरून उभी राहिले आणि मला या वयात रडू यायला लागलं.

तेवढ्यात बाहेरून दाराला कोणाची तरी पाठ टेकली. आणि आवाज आला, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असा.

"माल्व्हेसी. सोलॅनेसी. कुकर्बिटेसी."

मग तू थांबलीस. तिथंच. मला माहीत नाही तुला खरंच आठवेना, की तू मुद्दाम थांबलीस.

मी आतून ओरडले, "व्हायटेसी!"

तू हसलीस. त्या दिवशी केबिनमध्ये हसली होतीस तशी नाही. मी बाहेर आले तेव्हा तू रिक्षात बसत होतीस, आणि ते बरंच झालं.

वैजू, गेल्या आठवड्यात गेणभाऊनं आमच्या संडासाला आतून नवी कडी बसवली. घट्ट आहे जरा, तेल घालावं लागेल. पण बसते. आता बाहेर कोणी उभं राहायची गरज नाही.

तरी ये.

तुझी,
रत्ना